सतरा विरुद्ध तेरा: जज, राली आणि ‘मौल्यवान’ या शब्दाचा घोळ

पहाटेचा प्रेक्षक (प्रश्न)

मेजर लीग बेसबॉलच्या दोन लीगपैकी अमेरिकन लीगच्या २०२५ च्या एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडू) पुरस्काराचा निकाल मला अजून पचलेला नाही, म्हणून हा धागा काढत आहे. सिॲटल मरिनर्सचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) कॅल राली याने एका हंगामात ६० होम रन (कुंपणापलीकडे गेलेले फटके) मारले. कॅचरने मारलेल्या होम रनचा आधीचा उच्चांक ४८ होता (साल्वादोर पेरेझ, २०२१), आणि डाव्या-उजव्या अशा दोन्ही बाजूंनी फलंदाजी करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचा १९६१ मधला ५४ चा आकडा चौसष्ट वर्षे कुणाच्या हाती लागला नव्हता. रालीने एकाच उन्हाळ्यात दोन्ही मागे टाकले. त्याच्या संघाने २००१ नंतर प्रथमच आपला विभाग जिंकला. तरीही पुरस्कार गेला न्यूयॉर्क यँकीजच्या आरन जजकडे. पहिल्या पसंतीची मते जजला १७ आणि रालीला १३, गुण ३५५ विरुद्ध ३३५.

जज कमी खेळला असे माझे म्हणणे नाही. ०.३३१ ही त्याची फलंदाजीची सरासरी (मिळालेल्या संधींमागे यशस्वी फटके) दोन्ही लीग मिळून सर्वोत्तम होती, शिवाय ५३ होम रन. परंतु त्याच्या बाजूने जे लेख मी वाचले, त्यांतल्या बहुतेकांनी शेवटी ‘वॉर’ नावाचा, खेळाडूचे एकूण योगदान मोजणारा आकडा पुढे केला आणि विषय संपवला. मग माझा प्रश्न असा, की एका आकड्यानेच निकाल लागणार असेल तर तीस पत्रकारांची मते कशासाठी घ्यायची? आणि आकड्याने लागणार नसेल, तर हे पत्रकार नेमके कशाच्या आधारावर ठरवतात?

लेखाजोखा

प्रथम मतपत्रिका कशी असते ते सांगतो, कारण निम्मा वाद तिथेच सुटतो. हा पुरस्कार १९३१ पासून बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका ही संस्था देते. लीगमधील प्रत्येक संघाच्या शहरातून दोन, असे तीस पत्रकार मत देतात, आणि प्रत्येकाला दहा नावे क्रमाने लिहावी लागतात. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, आणि पुढे एकेक कमी होत दहाव्याला १. मते प्लेऑफ (हंगामानंतरचे विजेतेपदाचे सामने) सुरू होण्यापूर्वी द्यावी लागतात, त्यामुळे ऑक्टोबरात कोणी काय केले याचा या पुरस्काराशी काही संबंध नसतो, हे दरवर्षी कुणाला तरी नव्याने सांगावे लागते.

आता तुम्ही दिलेले गुण घेऊन बेरीज करून पाहा. सतरा चौदे २३८ आणि तेरा नव्वे ११७, मिळून ३५५. रालीचे तेरा चौदे १८२ आणि सतरा नव्वे १५३, मिळून ३३५. म्हणजे तीसपैकी एकाही पत्रकाराने या दोघांच्या मध्ये तिसरे नाव घातले नाही. ज्यांनी जजला निवडले त्यांनी रालीला दुसरे ठेवले, आणि ज्यांनी रालीला निवडले त्यांनी जजला. यापेक्षा जास्त एकमत असलेला मतभेद मी तरी पाहिलेला नाही.

राहिला निकषांचा प्रश्न. मतपत्रिकेसोबत जे सूचनापत्र येते त्यातच म्हटलेले असते, की ‘सर्वांत मौल्यवान’ याची ठाम व्याख्या नाही आणि ती प्रत्येक मतदाराने स्वतः ठरवायची आहे. संघासाठी खेळाडूचे प्रत्यक्ष मूल्य, खेळलेले सामने, स्वभाव, निष्ठा, मेहनत अशा काही गोष्टी सुचवलेल्या असतात, आणि विजेता प्लेऑफमध्ये पोहोचलेल्या संघातलाच असला पाहिजे असे नाही, हेही स्पष्ट लिहिलेले असते. शब्द मुद्दाम मोकळा सोडला आहे, असे माझे मत आहे. तो बांधून टाकला असता तर हिवाळाभर वाद घालायला आपल्याकडे उरले काय असते?

झेलकरी

मी स्वतः हौशी संघात सहा वर्षे कॅचर होतो, त्यामुळे माझे मत तटस्थ नाही, हे आधीच कबूल करतो. डावामागून डाव गुडघे मोडून बसायचे, फाउल टिप (बॅटला निसटता लागून आलेला चेंडू) मनगटावर किंवा मास्कवर घ्यायची, प्रत्येक चेंडूआधी पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) खूण करायची, आणि मग ओणवे राहून आंबलेल्या मांड्यांनी बॅट घेऊन उभे राहायचे. आमच्या संघात मी सातव्या डावानंतर हमखास निरुपयोगी फलंदाज होत असे. राली दीडशेहून अधिक सामने खेळला, त्यांपैकी बहुतेक सामन्यांत कॅचर म्हणून उभा राहिला, आणि तरी ६० होम रन. माझे मत रालीला.

तिसरा तळ

झेलकरी यांच्या मांड्यांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, की वॉर त्या मांड्यांचीही नोंद घेतो, निदान घेण्याचा प्रयत्न करतो. गंमत अशी की तो किती घेतो हेच ठरलेले नाही.

वॉर म्हणजे बदली खेळाडूच्या तुलनेत या खेळाडूने संघाला किती जास्तीचे विजय मिळवून दिले याचा अंदाज. बदली खेळाडू म्हणजे कोणताही संघ किमान वेतनावर मायनर लीगमधून उचलून आणू शकेल असा माणूस. केवळ अशा खेळाडूंचा संघ उभा केला तर तो १६२ पैकी साधारण ४८ सामने जिंकेल, असे गृहीत धरले जाते. फलंदाजी, धावण्याची कला, क्षेत्ररक्षण या सगळ्यांचे धावांत रूपांतर करायचे, मैदान फलंदाजाला अनुकूल की पिचरला हे पाहून दुरुस्ती करायची, आणि सुमारे दहा धावांना एक विजय या दराने भागायचे. जागेप्रमाणे भरपाईही असते. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या पद्धतीत पूर्ण हंगाम कॅचर राहणाऱ्याला १२.५ धावा अधिक मिळतात, राइट फील्डमध्ये उभ्या राहणाऱ्याच्या ७.५ वजा होतात आणि केवळ फलंदाजी करणाऱ्या डेझिग्नेटेड हिटरच्या १७.५.

खरी अडचण पुढे आहे. स्ट्राइक झोनच्या (ज्या चौकटीतला न मारलेला चेंडू फलंदाजाविरुद्ध, म्हणजे स्ट्राइक, धरला जातो तिच्या) कडेवरचा चेंडू असा अलगद झेलायचा की पंचाला तो स्ट्राइक वाटावा, या कसबाला फ्रेमिंग म्हणतात. हंगामात असे हजारो चेंडू येतात आणि चांगला कॅचर त्यांतून कित्येक धावा वाचवतो. फॅनग्राफ्सने २०१९ पासून फ्रेमिंग आपल्या वॉरमध्ये धरले. बेसबॉल-रेफरन्स हे दुसरे संकेतस्थळ धरत नाही. परिणाम असा, की जज आणि राली यांच्यातले अंतर फॅनग्राफ्सवर साधारण एका विजयाचे दिसते आणि बेसबॉल-रेफरन्सवर दोनाहून अधिक. दोन्हीकडे जज पुढे आहे हे खरे, परंतु ‘वॉरने निकाल लावला’ असे म्हणणाऱ्या लेखकाला कोणता वॉर, हे विचारलेच पाहिजे. एका विजयाचा फरक हा या मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत सहज बसतो, आणि जे लोक हे आकडे तयार करतात तेही हेच सांगतात. दशांशापर्यंत वाद घालतात ते वापरणारे.

आता जजच्या बाजूचा मुद्दा, जो होम रनच्या आकड्यांत झाकला जातो. जजची ऑन-बेस टक्केवारी ०.४५७ होती आणि रालीची ०.३५९. दोघेही शंभर वेळा बॅट घेऊन उभे राहिले असे समजा. जज शेहेचाळीस वेळा तळावर पोहोचतो, राली छत्तीस वेळा. दर शंभरामागे दहा आउट वाचतात, आणि आउट हीच तर या खेळातली एकमेव मोजून मिळालेली पुंजी आहे. सात होम रनच्या फरकाने हे अंतर भरून निघत नाही. मी मत जजलाच दिले असते, पण हात जरा थरथरला असता.

पहाटेचा प्रेक्षक

ऑन-बेसचे गणित पटले. मात्र त्यामुळे माझी मूळ शंका अधिकच पक्की झाली. आकडाच बनवणारे म्हणतात की एवढा फरक विश्वासार्ह नाही, तर मग इतर गोष्टींकडे पाहायला हवे. संघाने विभाग जिंकला, कॅचर म्हणून इतिहास घडवला, या गोष्टींना ‘भावनिक’ म्हणून बाजूला का सारले जाते?

जुना स्कोअरर

बाजूला सारले जाते हे आजचे. पूर्वी याच्या अगदी उलट होते, आणि ते उलट किती वाईट होते याची आठवण करून देणे भाग आहे.

बोस्टनच्या टेड विल्यम्सने १९४२ मध्ये ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे सरासरी, होम रन आणि आरबीआय (फटक्यांनी संघाला मिळवून दिलेल्या धावा) या तिन्हींत लीगमध्ये पहिला. एमव्हीपी झाला यँकीजचा जो गॉर्डन. विल्यम्सने १९४७ मध्ये पुन्हा ट्रिपल क्राउन मिळवला: ०.३४३, ३२ आणि ११४. एमव्हीपी झाला जो डिमाजिओ, ज्याचे आकडे ०.३१५, २० आणि ९७ होते. गुण २०२ विरुद्ध २०१. यँकीज दोन्ही वर्षी लीग जिंकले होते आणि विल्यम्सचे पत्रकारांशी वाकडे होते. ‘संघाचे यश’ आणि ‘स्वभाव’ हे निकष मोकाट सुटले की काय होते, ते या एका गुणात दिसते.

आणि १९९९ तर माझ्या डोळ्यांदेखत घडले. पिचर पेद्रो मार्टिनेझ २३ विजय, ४ पराभव, ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा) २.०७, ३१३ स्ट्राइकआउट. ज्या वर्षी सगळी लीग होम रनचा पाऊस पाडत होती, त्या वर्षीचे हे आकडे. पहिल्या पसंतीची मते त्याला ८ आणि टेक्ससच्या इव्हान रॉड्रिगेझला ७. पुरस्कार रॉड्रिगेझला, २५२ विरुद्ध २३९ गुणांनी, कारण दोन पत्रकारांनी दहा नावांत पेद्रोचे नाव कुठेच लिहिले नाही. पिचरला हा पुरस्कार देऊ नये असे त्यांना वाटत होते. नियम तर पिचर पात्र असल्याचे स्पष्ट सांगत होते. लेखाजोखा यांच्यासारखी मीही तेव्हा कागदावर बेरीज केली होती: त्या दोघांनी त्याला केवळ चौथे स्थान दिले असते तरी १४ गुण वाढून तो २५३ वर गेला असता. ती मतपत्रिका हा ‘वैयक्तिक व्याख्ये’चा हक्क होता की निव्वळ हट्ट, यावर मी आजही कुणाशीही भांडायला तयार आहे.

म्हणून मला वॉरची अडचण वाटत नाही. तो निकाल देणारा न्यायाधीश नसेल, पण हट्टी माणसाला खुलासा करायला लावणारा साक्षीदार नक्कीच आहे.

लेखाजोखा

जुना स्कोअरर यांच्या मुद्द्यात २०१२ ची भर घालतो, कारण आजच्या वादाची भाषा त्या वर्षी ठरली. डेट्रॉइटच्या मिगेल काब्रेराने १९६७ नंतरचा पहिला ट्रिपल क्राउन मिळवला. एंजल्सचा नवखा माइक ट्राउट ०.३२६, ३० होम रन, ४९ चोरलेले तळ (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले) आणि सेंटर फील्डमधले अफाट क्षेत्ररक्षण घेऊन वॉरमध्ये त्याच्या बराच पुढे होता. काब्रेराला पहिल्या पसंतीची तेव्हाच्या २८ पैकी २२ मते मिळाली. ‘काब्रेराने संघाला प्लेऑफमध्ये नेले’ हा युक्तिवाद तेव्हा जोरात होता, आणि तो मला आजही लंगडा वाटतो, कारण डेट्रॉइटने ८८ सामने जिंकले होते आणि प्लेऑफबाहेर राहिलेल्या एंजल्सनी ८९. शेजारचे संघ दुबळे असणे हा काब्रेराचा गुण कसा?

याउलट सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराकडे पाहा, म्हणजे प्रश्नकर्त्याच्या शंकेचे उत्तर कदाचित मिळेल. १९९० मध्ये बॉब वेल्चला २७ विजयांवर हा पुरस्कार मिळाला, तेव्हा रॉजर क्लेमेन्सचा ईआरए १.९३ होता आणि वेल्चचा २.९५. वीस वर्षांनी फेलिक्स हर्नांडेझ १३ विजय आणि १२ पराभवांवर जिंकला. २०१८ मध्ये जेकब डीग्रॉम १० आणि ९ वर, ईआरए १.७०. आणि ज्या २०२५ बद्दल आपण बोलत आहोत, त्याच वर्षी नॅशनल लीगमध्ये पॉल स्कीन्स १० विजय, १० पराभव आणि १.९७ च्या ईआरएवर एकमताने जिंकला. कुणी भुवईसुद्धा उंचावली नाही. तिथे प्रश्न ‘सर्वोत्तम पिचर कोण’ एवढाच आहे, म्हणून मोजमाप सुधारले तसा वाद विरत गेला. एमव्हीपीत प्रश्नच वेगळा आहे. तिथे मोजमाप कितीही सुधारले तरी ‘मौल्यवान’ म्हणजे काय हे मोजपट्टी सांगत नाही, आणि तेवढ्यासाठी ते तीस पत्रकार लागतात.

तिसरा तळ

सहमत, पण एक व्यावहारिक गोष्ट राहिली. २०२२ च्या वेतनकरारापासून ही मते केवळ मानाची राहिलेली नाहीत. वेतन-लवादाची (पगाराचा वाद त्रयस्थाकडे नेण्याची) पात्रता अजून न आलेल्या तरुण खेळाडूंसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा निधी असतो. त्यातून एमव्हीपी किंवा साय यंग जिंकणाऱ्याला २५ लाख डॉलर मिळतात, दुसऱ्या क्रमांकाला साडेसतरा लाख. पुरस्कारांची रक्कम वाटून उरलेला निधी पुन्हा वॉरच्याच एका संयुक्त सूत्राने वाटला जातो. बातमी देणाऱ्याने ज्याची बातमी द्यायची त्याचा पगार ठरवावा का, हा प्रश्न जुनाच आहे, आणि न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट यांसारख्या वृत्तपत्रांनी आपल्या पत्रकारांना अशी मते देण्यास मनाई केली होती.

झेलकरी यांच्यासाठी आणखी एक. २०२६ पासून मेजर लीगमध्ये पंचाच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येईल, असे ठरले आहे. आव्हाने मोजकीच असणार, तरीही फ्रेमिंगने कमावलेल्या धावांची किंमत थोडी उतरेल.

झेलकरी

म्हणजे आमच्या कसबाचा हिशेब धरायला आत्ता कुठे सुरुवात झाली होती, तोवर कसबच मोडीत. मत मात्र बदलत नाही.

पहाटेचा प्रेक्षक

सर्वांचे आभार. काल रात्री मी स्वतःची दहा नावांची मतपत्रिका लिहायला बसलो. पहिली दोन नावे दोन मिनिटांत लिहून झाली, आणि तिसरा तळ यांचे गणित वाचूनही रालीच पहिला राहिला: अंतर एका विजयाइतके कमी असेल तर मी झुकते माप कॅचरला देईन, एवढे कारण मला पुरेसे वाटते. पाचव्या जागेवर पोहोचलो आणि तारिक स्कुबल आठवला. डेट्रॉइटचा पिचर, त्याच वर्षीचा अमेरिकन लीगचा साय यंग विजेता. पहिल्या खेपेला त्याचे नाव माझ्या मनातच आले नव्हते. १९९९ च्या त्या दोघांना रात्री शिव्या दिल्या होत्या, त्या निम्म्या परत घेतो.