बेडकाच्या फोटोखाली लोकेशन टाकायचं का?

टेकडीवरचा_सरडा: पाऊस सुरू झाला की अर्धं कोथरूड मॅक्रो लेन्स आणि टॉर्च घेऊन शनिवारी रात्री ताम्हिणी नाहीतर आंबोली गाठतं. जावं की, मी पण जातो. पण फोटोखाली गुगल मॅपची पिन कशाला? चापड्याचंच घ्या, दबा धरून बसणारा साप, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीही त्याच फांदीवर सापडतो. पिन मिळाली की तिथे दहा टाळकी हजर, मग कुणाला पान आड येतं म्हणून पान तोड, कुणाला तोंड या बाजूला हवंय म्हणून काठीने फांदी वळव. माझं मत, तालुक्याच्या नावापुढे एक अक्षर द्यायचं नाही.

डबकं_बहाद्दर: साफ असहमत. लपवून काय वाचलंय? आंबोलीच्या हिरण्यकेशीचा मासा २०२० ला नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला, जागेच्या नावासकट, आणि २०२१ ला तिथे जैवविविधता वारसा स्थळ झालं. कुणाला पत्ताच नसता तर फाईल हलली असती का?

भिजका_रेनकोट: अहो मासा देवळाच्या कुंडात आहे, त्याला उचलून छान पानावर कोण ठेवतंय? बेडकाला ठेवतात. आणि कसं, तर डासांचं क्रीम फासलेल्या हाताने, बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणीपण कातडीतूनच शोषतो, म्हणजे ते क्रीम कुठे जाणार विचार करा. आंबोली टोड तर कातळावरच्या वीतभर डबक्यात अंडी घालतो, तेही पावसाच्या सुरुवातीला थोडेच दिवस, आणि आमचे आर्टिस्ट लो अँगलसाठी त्याच डबक्यात गुडघे रोवून बसतात.

घाटावरची_पाहुणी: तुम्ही पुण्यात बसून ठरवा सगळं 😄 माझा मावसभाऊ तिकडे रात्रीच्या ट्रेलला नेतो, पावसाळ्यात घर त्यावर चालतं. पिन नका देऊ, बरंच आहे, पण मग गाईड तरी घ्या. मलबारी उडता बेडूक पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत फेसाचं घरटं करतो, पिल्लं फुटली की टपाटप खाली पाण्यात. फ्रेमसाठी फांदी बाजूला बांधून ठेवली की खाली नुसता कातळ. हे त्याला दिसतं, पिनवाल्याला फक्त बेडूक दिसतो.

टेकडीवरचा_सरडा: गाईडचं शंभर टक्के पटलं.

डबकं_बहाद्दर: गाईड घ्या, पण नोंदी बंद करू नका एवढंच म्हणतोय. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर धोक्यातल्या प्रजातीची जागा आपोआप साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात धूसर होते, नोंदपण राहते आणि झुंडपण येत नाही.

भिजका_रेनकोट: मग तिथेच टाका ना, इन्स्टावर पिन कशाला?

डबकं_बहाद्दर: तिथे लाईक कोण देतं 🙄