जुनी 'स्टार ट्रेक' पुठ्ठ्यासकटच पाहावी की रंगरंगोटी करून?

रविवारचा_अँटेना:
महिनाभर १९६६ ची मूळ 'स्टार ट्रेक', म्हणजे 'एंटरप्राइझ' या अंतराळयानाची अमेरिकी मालिका, पुन्हा पाहतोय. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, तेव्हा आमच्याकडे कृष्णधवल टीव्ही. यानावरचा लाल शर्टवाला खलाशी हमखास मरतो हा विनोद मला चाळिशीत कळला. आमच्या घरी सगळे करड्या शर्टातच मरायचे.

तर मुद्दा. २००६ पासून यातली यानं आणि ग्रह संगणकावर नव्याने करून चिकटवलेत. माझ्या मते ही डागडुजी नको होती, पुठ्ठ्याच्या जुगाडातच खरी मजा होती. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवणं परवडेना, म्हणून माणसांनाच विरघळवून खाली पाठवायची युक्ती निघाली. ती चमचम म्हणजे प्रकाशझोतात सोडलेली ॲल्युमिनियमची पूड, कॅमेरा उलटा करून स्लो मोशनमध्ये टिपलेली. यानावरच्या डॉ. मकॉयची हत्यारं तर चक्क मीठदाण्या! 'द मॅन ट्रॅप' या भागासाठी फॅन्सी मीठदाण्या आणल्या, त्या पडद्यावर मीठदाण्या वाटेनात, म्हणून दवाखान्यात रुजू झाल्या. आणि 'अरीना'मधला गॉर्न, तो रबरी सरडा, नव्या आवृत्तीत पापण्या मिचकावतो. कुणी सांगितलं होतं?

खडूस_खगोल:
असहमत. हे तुमचं बालपण बोलतंय. माझ्या पंधरा वर्षांच्या पोराला 'द डूम्सडे मशीन' मूळ रूपात दाखवला. ग्रह गिळणारं यंत्र आलं आणि पोरगा म्हणाला, "बाबा, हा चिखलात पडलेला पायमोजा आहे का?" (नेम फार चुकला नाही. लेखक स्पिनरॅड यांच्या म्हणण्यानुसार तो वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा होता, सिमेंटमध्ये बुडवलेला.) तिथेच मोबाइल बाहेर. पुढच्या रविवारी नवी आवृत्ती लावली, तर शेवटपर्यंत बसला. दुसऱ्या यानाचा प्रमुख कमोडोर डेकर याने खलाशांना वाचवायला ज्या ग्रहावर उतरवलं, तोच ग्रह यंत्राने गिळला, यावर जेवताना वाद घातला. संवाद तेच, नट तेच. ब्लू-रेवर दोन्ही आवृत्त्या आहेत, तुमचा पुठ्ठा कुणी जाळलेला नाही.

रविवारचा_अँटेना:
ब्लू-रे आहे कुणाकडे? आणि एंटरप्राइझचं अकरा फुटी मॉडेल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलंय. तुमची संगणकातली फाइल कोण काचेत ठेवणार?

मिठाची_बरणी:
दोघेही पुठ्ठ्यावरून भांडताय. मला जे खुपतं ते कुठल्याच डागडुजीने जात नाही. पहिला पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायचा नमुना भाग, 'द केज'. त्यात कप्तानाच्या खालोखालची अधिकारी बाई, पँट घातलेली, आणि हुकूम सोडणारी. चॅनेलने तो पायलट नाकारला, मालिका आली तेव्हा ही बाई गायब. उरली उहुरा, आखूड झग्यात, कानाला यंत्र लावून निरोप घेणारी. १९६९ च्या शेवटच्या भागात तर कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही असं एक पात्र स्पष्ट म्हणतं, आणि म्हणणारी बाई वेडी दाखवलीय. प्रकाशाहून वेगाने जाता येतं, बढती तेवढी मिळत नाही!

खडूस_खगोल:
तेव्हाच्या अमेरिकेत काळी स्त्री अधिकारी म्हणून दिसणं हेच मोठं होतं हो. उहुरा साकारणाऱ्या निशेल निकल्स मालिका सोडणार होत्या, मार्टिन ल्यूथर किंग यांनी थांबवलं. हे निकल्स यांनीच सांगितलंय.

मिठाची_बरणी:
मान्य. किंग यांनी थांबवलं, पण लेखकांनी पुढे काम काय दिलं? बहुतेक भागांत निरोप घ्यायचंच.

रविवारचा_अँटेना:
हे पटलं. तो शेवटचा भाग मी करड्या रंगात पाहिला असेन, पण हे वाक्य अजिबात आठवत नाही. आज रात्री लावतो. सौ. सोबत बसणार आहेत, तेव्हा हा धागा कृपया त्यांना पाठवू नये.