पाय हलवला की शनी थरथरतो

प्रश्न: परसात सरकत्या छपराची खोली बांधली. मधोमध काँक्रीटचा खांब, त्यावर ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण). पण २०० पट मोठं करून बघताना मी नुसता पाय हलवला तरी शनी थरथरतो. काय चुकलं?

उत्तर १: खांब फरशीला चिकटलाय का? माझा होता. भोवतीची फरशी दोन बोटं कापून फट मोकळी ठेवली. त्या रात्री कड्यांमधली कॅसिनीची फट पहिल्यांदा स्थिर दिसली, तासभर डोळा काढवेना!

उत्तर २: शिवाय छप्पर सूर्यास्तालाच उघडा. आरसा गार होईपर्यंत प्रतिमा उकळत्या पाण्यासारखी हलतच राहते.

प्रश्नकर्ता: चिकटलाच आहे! उद्याच कापतो. ध्रुवाची जुळणी (दुर्बिणीचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असतो ती) बिघडेल?

उत्तर १: खांबाला धक्का लागला नाही तर नाही. तरी तपासाच.