बलात्कार ‘मानवतेविरुद्धचा गुन्हा’ ठरवून नेमकं काय साधतं?

वैनगंगा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. राजद्रोह, जमावहत्या, संघटित गुन्हेगारी यांवर पुष्कळ लिहून झालं. ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हे प्रकरण त्यात नाही, याची मात्र फारशी कोणी दखल घेतली नाही. माझ्या मते ते हवं होतं, आणि लैंगिक हिंसेसाठी तर नक्कीच.

जाँ-पॉल अकायेसू हा रवांडातल्या ताबा परगण्याचा प्रमुख, पूर्वाश्रमीचा शिक्षक. १९९४ च्या कत्तलीत जीव वाचवायला त्याच्या कचेरीत आलेल्या तुत्सी बायकांवर तिथेच, आवारात, बलात्कार झाले. त्याने स्वतः बलात्कार केल्याचा आरोप नव्हता. मूळ आरोपपत्रात तर या अत्याचारांचा उल्लेखच नव्हता! १९९७ मध्ये टांझानियातल्या अरुशाला, संयुक्त राष्ट्रांच्या रवांडा न्यायाधिकरणापुढे खटला सुरू झाल्यावर एका बाईने साक्षीच्या ओघात आपल्या लहान मुलीवरच्या बलात्काराबद्दल सांगितलं. तीन न्यायाधीशांत नवनीतम पिल्ले एकट्या बाई. पीठाने तो धागा सोडला नाही, जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं, आणि २ सप्टेंबर १९९८ ला निकाल आला: हे बलात्कार मानवतेविरुद्धचा गुन्हा आहेत आणि वंशसंहाराचा भागही. अकायेसूला जन्मठेप झाली.

साध्या बलात्काराच्या कलमाखाली हा माणूस सुटला असता. म्हणून या वर्गवारीचं मोल मला शिक्षेच्या कमी-जास्तपणात वाटत नाही. ज्याच्या जोरावर हे घडतं, त्याच्यापर्यंत ही वर्गवारी पोचते.

काळा कोट

असहमत. फौजदारी कोर्टात उभा राहतो म्हणून सांगतो, सिद्ध करण्याचं ओझं केवढं वाढतं ते बघा. नागरिकांवर व्यापक किंवा पद्धतशीर हल्ला चालू होता, हे कृत्य त्याचा भाग होतं, आणि आरोपीला त्या हल्ल्याची जाणीव होती. बलात्कार सिद्ध करायचाच, वर हे सगळं.

काँगोतल्या बंडखोर गटाचा नेता बेंबा, त्याचं काय झालं? त्याच्या फौजा २००२-०३ मध्ये काँगोतून मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात शिरल्या आणि त्यांनी गावोगाव बलात्कार केले. २०१६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं, १८ वर्षं दिली. जून २०१८ मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन मतांनी सुटला. सेनापती लांब, दुसऱ्या देशात होता, त्याला काय काय करता आलं असतं याचा विचार नीट झाला नाही, असं बहुमत म्हणालं. बलात्कार झालेच नाहीत असं कोणीही म्हटलं नव्हतं. पण त्या बायकांच्या हाती काय आलं?

शिवाय आपल्याकडे जातीय दंगलीतल्या बलात्काराला २०१३ पासून वेगळं उपकलम आहे. किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. ते नव्या संहितेतही आहे. तेच नीट वापरा.

वैनगंगा

मुझफ्फरनगरच्या २०१३ च्या दंगलीत ते वापरलं गेलं. २०२३ मध्ये दोघांना २० वर्षं झाली. त्या बाईने दहा वर्षं रेटलं म्हणून. पण कोण दोघं? प्रत्यक्ष करणारे. जमाव गोळा करणारे त्या उपकलमाच्या कक्षेत येतातच कुठे?

आणि बेंबा सुटला, पण न्तागांडा सुटला नाही. काँगोच्या इतुरी भागातला तोही कमांडरच. बलात्कार आणि लैंगिक गुलामगिरीसकट अनेक गुन्ह्यांसाठी ३० वर्षं, २०२१ मध्ये अपिलात कायम.

सांजवारा

मला यातला सर्वात उपयोगी भाग संमतीचा वाटतो. देसाईगंज आठवा. १९७२, पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर बलात्कार. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेले दोन्ही पोलीस सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडले. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी यांनी त्यावर सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

आता फोचा बघा. युद्धाच्या काळात बोस्नियातल्या या गावात बायकांना शाळेत, क्रीडागृहात, फ्लॅटमध्ये डांबून ठेवलं होतं. युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात तिघांना २८, २० आणि १२ वर्षं झाली. २००२ च्या अपिलात आरोपींचं म्हणणं होतं की सतत प्रतिकार दिसला पाहिजे. न्यायालयाने ते उडवून लावलं. अशा कोंडीत खऱ्या संमतीला जागाच नसते, असा निर्वाळा दिला. देसाईगंजच्या ठाण्याला हे शब्दशः लागू पडतं.

अंबाझरी

चर्चा छान, पण हा कायदा करणार कोण? जुलै १९९८ मध्ये हेगचं फौजदारी न्यायालय स्थापण्याच्या करारावर रोमला मतदान झालं तेव्हा भारत तटस्थ राहिला, अजून सही नाही. २०१८ मध्ये १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या सज्जनकुमार खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट लिहिलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या कायद्यात नाहीत, ही पळवाट तातडीने बुजवा. त्यानंतर नवी संहिता आली आणि पळवाट जशीच्या तशी. ज्याच्यावर खटला चालायचा त्यालाच कलम लिहायला बसवलं तर हेच होणार. अशांत क्षेत्रात तर जवानावर खटल्यालाही केंद्राची परवानगी लागते.

नाना

अंबाझरी, निराशा समजू शकतो, पण ग्वाटेमालानं करून दाखवलं. हेग नाही, स्वतःचं कोर्ट, स्वतःचा दंडविधान. १९८० च्या दशकात सेपूर सार्को या लष्करी ठाण्यावर केक्ची या आदिवासी जमातीच्या बायकांना पाळीपाळीने स्वयंपाकाला, कपडे धुवायला बोलवत आणि बलात्कार करत. त्यांचे नवरे त्याआधीच गायब केलेले, कारण त्यांनी जमिनीचे कागद मागितले होते. २६ फेब्रुवारी २०१६ ला एका माजी लष्करी अधिकाऱ्याला १२० आणि एका माजी लष्करी कमिशनरला २४० वर्षं झाली. म्हाताऱ्या बायका कोर्टात शालीने तोंड झाकून बसत. तिथलं लष्कर काही आपल्यापेक्षा मवाळ नव्हतं.

काळा कोट

नाना, ग्वाटेमालाच्या दंडविधानात ते कलम घटना घडली तेव्हाच होतं. आपण आज कलम आणलं तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद २० मुळे ते मागे नेता येणार नाही. १९८४, २००२, कशालाच नाही.

वैनगंगा

मान्य, मागचं मिळणार नाही. पण पुढच्यासाठी मसुदा तयार पडलाय. दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने २०१३ मध्येच तेव्हाच्या दंडविधानात ३७६ फ हे कलम सुचवलं होतं: हाताखालच्या लोकांना न रोखणारा, ठाऊक असून किंवा ठाऊक असायला हवं असून गप्प राहणारा पोलीस वा लष्करी वरिष्ठ, ७ ते १० वर्षं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून ते गळलं. त्याला रोमच्या सहीची गरज नाही.

काळा कोट

३७६ फ ला माझा पाठिंबा आहे, तेव्हाही होता. पण ते मुख्यतः वर्दीवाल्यांसाठी. दंगलीचा म्होरक्या वर्दीत नसतो. त्याच्यासाठी तुमच्याकडे मसुदा असेल तर इथेच टाका, कलम-दर-कलम बोलू.