भाताच्या खाचरातील पाखड तणनाशकाला दाद देत नाही : सल्ला हवा

कळवेकर_मुरबाड
नमस्कार. नोकरीमुळे मी कळव्याला राहतो. मुरबाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे आणि खरिपात कर्जत-३ भात, त्यानंतर जमिनीतील ओलीवर वाल, असा आमचा क्रम आहे. बेणणीला (तण काढायला) मजूर मिळेनासे झाल्यापासून लावणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी आम्ही बिस्पायरीबॅक सोडियम हे तणनाशक फवारतो. सुरुवातीच्या हंगामांत एका फवारणीत खाचर स्वच्छ होत असे. आता माका आणि रुंद पानांची बरीचशी तणे मरतात, पाखड हे भातासारखे दिसणारे गवत मात्र उभेच राहते. गेल्या खरिपात तर पाखडाची दोन रोपे अगदी शेजारी-शेजारी, त्यांतील एक पिवळे पडून सडलेले आणि दुसरे हिरवेगार, असे जागोजागी दिसले. दुकानदाराने सुचविल्यावरून एका खाचरात पेनॉक्सुलम वापरले, तरीही फरक पडला नाही. येत्या हंगामात मात्रा दुप्पट करावी की औषध पुन्हा बदलावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

शहापूरचा_भातवाला
तणात प्रतिकारशक्ती आली आहे असे ठरविण्यापूर्वी फवारणीतील दोष वगळून घ्यावेत. तण पाण्याखाली असताना फवारले, फवारल्यावर तासाभरात पाऊस कोसळला किंवा नोझल झिजलेले असले, तरीही तण वाचते. परंतु अशा वेळी एकच जात वाचत नाही, सगळीच तणे पट्ट्यापट्ट्यांनी किंवा सरसकट वाचतात. आपल्याकडे इतर तणे मेली आणि पाखडाचीही काही रोपे मेली, हे लक्षण वेगळे आहे.

मात्र एक शक्यता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाचलेले पाखड चुडात (एकत्र लावलेल्या भातरोपांच्या झुबक्यात) होते की दोन चुडांच्या मधल्या जागेत? रोपवाटिकेत भाताबरोबर उगवलेले पाखड रोपांच्या जुडीतून खाचरात येते आणि मजूर ते भात समजून लावून टाकतात. असे रोप फवारणीच्या दिवशी चार पानांच्या पुढे गेलेले असते आणि बिस्पायरीबॅकचा खरा परिणाम दोन ते चार पानांवरच होतो. ते वाचले तर तो प्रतिकार नव्हे, केवळ वय होय. जुडी बांधतानाच ओळखायचे असेल तर पान जिथे खोडाला मिळते ती जागा पाहावी. भाताला तिथे पातळ पांढरट पडदा आणि केसाळ कानासारखे दोन भाग असतात. पाखडाची ती जागा गुळगुळीत असते. आमच्या घरी हे काम आजी-आई बोटांनीच करीत. राब भाजण्याची (रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळण्याची) रीत मागे पडल्यापासून रोपवाटिकेतील तण वाढले आहे, असेही माझे निरीक्षण आहे, कारण त्या धगीने वरच्या थरातील तणाचे बी मरत असे.

कळवेकर_मुरबाड
धन्यवाद. काही रोपे चुडात होती हे खरे. परंतु बहुतेक मधल्या जागेत होती आणि फवारणीच्या वेळी लहान होती.

नेरुळ_कृषिपदवीधर
तसे असेल तर प्रतिकाराचा संशय रास्त आहे आणि पेनॉक्सुलमने फरक का पडला नाही हेही त्यातून उलगडते. बाटली बदलली, कंपनी बदलली, पण गट बदलला नाही. बिस्पायरीबॅक, पेनॉक्सुलम, पायरॅझोसल्फ्युरॉन, बेनसल्फ्युरॉन, मेटसल्फ्युरॉन ही सारी तणनाशके ॲसिटोलॅक्टेट सिंथेज नावाच्या एकाच विकराला (एन्झाइमला) अडवितात. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही अमिनो आम्ले तयार करण्यासाठी वनस्पतीला ते विकर लागते आणि ते अडले की वाढ थांबून रोप मरते. त्या विकराच्या रचनेत एका ठरावीक जागी एकच अमिनो आम्ल बदलले तरी तणनाशक तिथे चिकटू शकत नाही आणि विकराचे काम मात्र चालू राहते. असा बदल घडू शकेल अशा जागा अनेक आहेत, म्हणून या गटाविरुद्ध प्रतिकार फार लवकर येतो. या गटातील क्लोरसल्फ्युरॉन अमेरिकेत १९८२ मध्ये बाजारात आले आणि १९८७ मध्येच आयडाहो राज्यात त्याला न जुमानणारे तण सापडले.

तणनाशक हा बदल घडवीत नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. लाखो रोपांत एखादे तसे रोप आधीपासूनच असते आणि फवारणी त्याच्याभोवतीची सारी स्पर्धा संपवून त्याला मोकळे रान देते. पाखडाचे एक रोप हजारो बिया टाकते. त्या बिया पाण्याबरोबर वरच्या खाचरातून खालच्या खाचरात जातात आणि पुढच्या वर्षी त्याच औषधाने पुन्हा तीच निवड होते. दोन-तीन हंगाम हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण शंभरातील पाच रोपे वाचली तरी शेत स्वच्छच दिसते.

आपल्या देशातील मोठे उदाहरण हरियाणाचे आहे. तेथील गव्हात गुल्ली डंडा या तणासाठी वर्षानुवर्षे एकटे आयसोप्रोट्युरॉन वापरले गेले आणि १९९० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत ते निष्प्रभ झाले. तिथे तण ते औषध स्वतःच्या पेशींतच मोडून टाकू लागले होते. हा प्रकार अधिक त्रासदायक असतो, कारण असे तण कधीही न फवारलेले, वेगळ्या गटाचे औषधही पचवू शकते. भातातही, लव्हाळ्याच्या कुळातील एका तणाने बिस्पायरीबॅकला प्रतिकार केल्याची नोंद छत्तीसगड आणि केरळमधून झाली आहे.

मात्रा दुप्पट करू नये. विकर बदललेले असेल तर दुप्पट मात्रेचाही उपयोग होत नाही आणि भाताला इजा होते ती वेगळीच. कमी मात्राही तितकीच घातक आहे, कारण थोडीफार सहनशक्ती असलेली रोपे त्यात वाचतात, त्यांचा आपसांत संकर होतो आणि पिढ्यांमागून ती शक्ती साठत जाते. बिस्पायरीबॅक १० टक्के एससीची (पाण्यात मिसळायच्या दाट द्रवरूप औषधाची) शिफारस एकरी ८० ते १०० मिलि आहे, तेवढेच घ्यावे.

अंबरनाथ_सेंद्रियप्रेमी
मला वाटते, औषधाआधी पाण्याचा विचार व्हावा. चिखलणी नीट करून जमीन सपाट ठेवली आणि लावणीनंतर रोपे सावरल्यावर तीन-चार आठवडे पाच सेंटीमीटर पाणी टिकवले, तर पाखडाचे बरेचसे बी उगवतच नाही. उंचवट्यावर, जिथे पाणी उतरते, तिथेच ते प्रथम दिसते. ओळीत लावणी असेल तर कोनोवीडर (तण काढायचे हातयंत्र) फिरविता येतो. एवढे एक यंत्र गावात चार घरांनी मिळून घेतले तरी पुरते.

शहापूरचा_भातवाला
पाण्याबाबत पूर्ण सहमत आहे. मात्र मुरबाडच्या उतारावरील खाचरांत पाणी धरणे बांधाच्या डागडुजीवर अवलंबून असते, म्हणून खर्च प्रथम तिथे करावा. औषधांपुरते माझे मत असे : लावणीनंतर ३ ते ५ दिवसांत, तण उगवण्यापूर्वी द्यायचे प्रेटिलाक्लोर साचलेल्या पाण्यात द्यावे. त्याचा गट पूर्णपणे वेगळा आहे. त्यातूनही पाखड उगवलेच तर सायहॅलोफॉप ब्युटाइल, हाही वेगळा गट असून तो फक्त गवतवर्गीय तणांवर चालतो. तयार मिश्रण घेताना एवढे पाहावे की त्यातील दोन्ही घटक पाखडावर स्वतंत्रपणे चालणारे आहेत. एक घटक पाखडाने आधीच निकामी केलेला असेल, तर मिश्रण म्हणून आपण प्रत्यक्षात एकच औषध फवारीत असतो आणि पैसे दोघांचे देतो.

कळवेकर_मुरबाड
भात कापल्यावर बांधावर आणि खाचरात ग्लायफोसेट मारावे, असे एका शेजाऱ्यांनी सुचविले आहे. त्याने पाखडाचे बी कमी होईल का?

नेरुळ_कृषिपदवीधर
नाही. तोवर बी गळून मातीत गेलेले असते आणि ग्लायफोसेट मातीतील बियांना काहीही करीत नाही. शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या केंद्राच्या आदेशाने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला होता. ते औषध अजेय असल्याचा समजही जुना आहे. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्येच राय गवताने त्याला प्रतिकार केल्याचे आढळले होते.

बी रोखायचे असेल तर वाचलेली रोपे लोंबी येताच हाताने उपटावीत. थोड्याच रोपांचे काम असल्याने ते घरच्या माणसांनाही झेपते. नेमकी खात्री हवी असल्यास त्यांतील काही रोपे मुद्दाम राखावीत आणि पाखडाचे बी पिकताच गळत असल्याने भातकापणीपूर्वीच लोंबीखाली कागदी पिशवी धरून ते झटकून घ्यावे. जिथे कधीही फवारणी झालेली नाही अशा जागेचेही थोडे बी वेगळ्या पिशवीत ठेवावे. ताजे बी सहसा उगवत नाही, म्हणून उन्हाळ्यापर्यंत ते कोरड्या जागी राहू द्यावे. मग दोन्ही प्रकारचे बी कुंड्यांत पेरून, रोपे तीन पानांची झाली की शिफारशीची मात्रा फवारावी आणि प्रत्येकाच्या काही कुंड्या न फवारता ठेवाव्यात. हे कळव्याच्या गॅलरीत नव्हे, गावच्या अंगणातच करावे. तीन आठवड्यांनी फरक डोळ्यांना दिसेल. त्याच पिशव्या कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात नेऊन तेथील शास्त्रज्ञांना दाखविता येतील. ठाण्याहून थेट कर्जत लोकल आहे. जाताना प्रत्येक पिशवीवर खाचर, वर्ष आणि त्या वर्षी वापरलेल्या औषधाचे घटकनाव लिहावे. केवळ बाटलीवरचे व्यापारी नाव लिहिले तर गट ओळखणे अवघड जाते.