जॉन ट्रॉलपचे सामने ७७० की ८००च्या वर?

लेफ्टबॅक३
जन्मभर एकाच क्लबात राहिलेल्यांची यादी करतोय. इंग्लंडच्या स्विंडन टाउन या फुटबॉल क्लबचा डावा बॅक (डावीकडचा बचावपटू) जॉन ट्रॉलप. शहराला लागूनच्या रॉटन गावचा, १९६० ते १९८० तिथेच खेळला. एकीकडे ७७० सामने दिसतात, दुसरीकडे ८००च्या पुढचा आकडा. शिवाय ‘सलग ३६८ सामने’ असंही वाचलं. कुठला धरू? आणि असे विक्रम लीगच्या खालच्या डिव्हिजनमधल्या (पायरीवरच्या) खेळाडूंच्याच नावावर का असतात?

आकडेमोड
७७० हे फक्त फुटबॉल लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या डिव्हिजनवार साखळी स्पर्धेचे. एका क्लबकडून लीग सामन्यांचा इंग्लंडमधला विक्रम हाच. एफए कप आणि लीग कप या वेगळ्या बाद स्पर्धांचे सामने मिळवले की आकडा ८००च्या वर जातो. यादीत लीग, कप आणि इतर असे वेगळे रकाने ठेवा, नाहीतर पुढे गुंता होतो. १५ मार्च १९६९ला वेम्ब्लीवर स्विंडनने आर्सेनलला ३-१ हरवलं, ट्रॉलप पूर्ण वेळ मैदानात होता; पण ती लीग कपची फायनल, म्हणून ७७०मध्ये नाही.

‘सलग ३६८’ जपून वापरा. ही मालिका एप्रिल १९६१ ते ऑगस्ट १९६८ अशी देतात. ट्रॉलपचा हात मोडला आणि ती तुटली. मधले पूर्ण हंगाम सात. त्यातले पाच थर्ड डिव्हिजनचे, ४६ सामन्यांचे; दोन सेकंडचे, ४२चे. बेरीज ३१४. दोन्ही टोकांचे थोडे धरले तरी ३६८ होत नाहीत. म्हणजे त्यात कपचे सामने आहेत. ‘सलग लीग सामने’ असं लिहिलेलं दिसलं तर खोडा.

जुना_पॅव्हिलियन
दुसऱ्या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर ‘खाली सामने जास्त’. अर्धंच खरं आहे. ट्रॉलपच्या २१ हंगामांत (शेवटचा, १९८०-८१चा, अर्धवट) स्विंडन १४ वेळा थर्डमध्ये आणि ७ वेळा सेकंडमध्ये होतं. १४×४६ आणि ७×४२, म्हणजे ९३८ सामने उपलब्ध. त्यातले ७७०, साधारण ८२ टक्के.

आता ज्याचा विक्रम त्याने मोडला तो पोर्ट्समथचा जिमी डिकिन्सन बघा. १९४६ ते १९६५, १९ हंगाम, त्यातला एकच थर्डमध्ये. उपलब्ध ८०२, खेळला ७६४. पंचाण्णव टक्के! तोही बहुतेक वरच्या दोन डिव्हिजनांत, वर इंग्लंडकडून ४८ सामने. माझं मत विचाराल तर डिकिन्सन भारी. पण यादी आकड्याची असेल तर ट्रॉलपच पहिला. पोर्ट व्हेलचा रॉय स्प्रोसन (७६०) विसरू नका, तोही घरच्याच क्लबचा.

आकडेमोड
टक्केवारी बरोबर, पण ट्रॉलपचे शेवटचे हंगाम तुकड्यातुकड्यांचे आहेत. ते पूर्ण धरून भागलं तर त्याच्यावर अन्याय होतो.

करारपत्र
एकाच क्लबात राहण्याचं मुख्य कारण पैसा आणि नोंदणी. जानेवारी १९६१पर्यंत पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. मोठ्या क्लबात गेलात तरी कायदेशीर पगार त्यावर जाणार नाही, मग घर सोडायचं कशाला? आणि सोडायचं म्हटलं तरी करार संपला म्हणून सुटका नव्हती. क्लब तुमची नोंदणी अडवून धरू शकायचा. खेळाडू जॉर्ज ईस्टहॅमने आपल्या क्लबविरुद्ध लढवलेल्या खटल्याच्या १९६३च्या निकालाने ती पकड सैल झाली, १९७८ला आणखी. ट्रॉलपची सुरुवात मर्यादा उठण्याच्या चार-पाच महिने आधीची.

मोजताना तीन ठिकाणी माणसं चुकतात. १९६५-६६पासून एक बदली खेळाडू आला, तोही पहिल्या वर्षी फक्त दुखापतीसाठी. बाकावर बसून राहिलेल्याचा सामना धरू नका, आणि बदली म्हणून उतरलेला ‘+१’ असा वेगळा लिहा. अर्धवट थांबवून पुन्हा खेळवलेला लीग सामना एकदाच मोजायचा. तिसरं, महायुद्ध सुरू झाल्यामुळे १९३९-४०चे तीन फेऱ्यांचे निकाल लीगने रद्द केले, ते धरायचे नाहीत. ट्रॉलपला हे लागू नाही, पण यादी मागे नेलीत की लागेल.

लेफ्टबॅक३
रकाने वेगळे केले. १९८७पासूनच्या प्ले-ऑफचं (हंगाम संपल्यावर बढतीसाठी होणाऱ्या जादा सामन्यांचं) काय?

आकडेमोड
‘इतर’मध्ये. लीगमध्ये टाकलेत की नव्या लोकांचे आकडे फुगतात.