तगरीच्या पानावरची अंडी घरात वाढवायची आहेत

डिचोलीहून, सातवीतल्या मुलीची आई:
देवाला फुलं काढताना दारातल्या तगरीच्या कोवळ्या पानांमागे फिकट हिरवी, मोहरीएवढी अंडी दिसली. आदल्या तिन्हीसांजेला एक मोठा हिरवट पतंग तिथे घिरट्या घालत होता. लेकीला ती घरात वाढवायची आहेत. पण पावसात आमच्याकडे चपलांनासुद्धा बुरशी येते. डब्यात टिकतील का? खायला काय घालू?

फोंड्याहून, कुळागरवाली:
टिकतील, नक्की करा. वर्णनावरून डॅफ्निस नेरी नावाचा पतंग वाटतो. तगर, कण्हेर, सदाफुलीवर तो अंडी घालतो.

अंडं नखाने सोडवू नका, पानासकट कापून घ्या. फुटल्यावर अळी पिवळसर दिसेल, शेपटाकडे लांब बारीक काळं शिंग. पानं खाऊ लागली की हिरवी होते. एखादं अंडं काळं पडलं तर वेगळं काढा, आत परजीवी माशी वाढत असू शकते.

अंडं तगरीवर मिळालं ना, मग शेवटपर्यंत तगरच घाला, मधेच दुसऱ्या झाडाचा पाला देऊ नका. बुरशीचं म्हणाल तर घट्ट झाकण नकोच. डब्याच्या तोंडावर मलमलीचं फडकं बांधा, तळाला वर्तमानपत्र घाला आणि रोज सकाळी लेंड्यांसकट ते बदला. पान पुसून कोरडं करून द्यायचं, पण ताजं हवं. अळी मोठी झाली की फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवा आणि तोंडाला कापूस घट्ट कोंबा, नाहीतर अळ्या देठावरून उतरून बुडतात. मुंग्यांसाठी टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. आणि त्या खोलीत डासांची कॉइल किंवा लिक्विड मशीन अजिबात लावू नका!

सगळी अंडी आत आणू नका हं. पूर्ण वाढलेली अळी ८ सेंमीच्या आसपास भरते आणि पानं भराभर संपवते. दोन-तीन पुरेत, बाकीची झाडावरच राहू देत. तिला धोका वाटला की ती डोकं आत ओढून घेते आणि डोक्यामागचे दोन निळे-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके फुगवते. लेकीला हे एकदा दाखवाच, पण सारखं डिवचू देऊ नका. रोजचा पाला बदलायचं काम मात्र तिलाच द्या. मुलं असं काम फार मनापासून करतात.

माशेलहून:
एक सांगते, तगरीचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. पुढे कधी कण्हेरीवरच्या अळ्या पाळल्यात तर जास्तच जपा, ते झाड विषारी. पानं हाताळली की मुलीला साबणाने हात धुवायला लावा.

डिचोलीहून:
ताई, अळ्या छान वाढल्या! पण एक कालपासून खात नाही. पाठ काळपट तपकिरी झालीय आणि डब्यात सारखी फिरतेय. घरचे म्हणतात मरणार, टाकून दे.

फोंड्याहून, कुळागरवाली:
टाकू नका हो! ती कोषात जातेय. बाहेर असती तर आता झाडावरून उतरून पाचोळ्यात शिरली असती. डब्यात चार बोटं सुका पाचोळा घाला, अंधारात ठेवा आणि उकरून बघू नका. दोनेक आठवडे लागतील. आत एक खरबरीत काठी तिरकी टेकवून ठेवा. पतंग बाहेर आला की वर चढून पंख खाली लोंबते ठेवतो. चढायला जागा नसेल तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि त्याला उडता येत नाही. पंख नीट सुकले की त्याच संध्याकाळी अंगणात सोडा, कौतुक म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका. हा पतंग फुलांतला मध पिणारा, डब्यात उपाशी राहील.